गुरुजींच्या जाग्या रात्री

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्रीची जेवणे आटोपली होती. अंगणातला दिवा मालवून मी आत येत होतो, तेवढ्यात पुण्याहून लेकीचा फोन आला. नोकरीसाठी ती तिकडे असते. दोन-तीन महिन्यांपासून तिची झोप उडाली होती. रात्री डोळा लागायचा, पण तीनच्या सुमाराला जाग यायची आणि मग उजाडेपर्यंत मन खोल खोल उतरत जायचे. जेवण जाईना, कशात रस वाटेना, तेव्हा ती आपण होऊन डॉक्टरांकडे गेली. त्यांनी हे नैराश्य आहे असे सांगितले आणि एक साधा प्रश्न विचारला. घरात आणखी कुणाला असा त्रास होता का? तोच प्रश्न लेकीने मला विचारला. आणि मी, छत्तीस वर्षे वर्गात मुलांना खरे बोलायला शिकवणारा मास्तर, क्षणाचाही विचार न करता नाही म्हणालो.

फोन ठेवला आणि त्या रात्री मलाही झोप आली नाही.

कारण उत्तर होय असे होते. माझे आजोबा अमळनेरच्या मिलमध्ये साच्यावर कामाला होते. पाळी कुठलीही असो, पहाटे तीनला ते ओट्यावर येऊन बसलेले असत. गल्लीतले लोक त्यांना सात्त्विक म्हणत. काकडआरतीच्या आधी उठणारा माणूस म्हणून त्यांचा मान होता. पण त्यांच्या हातात टाळ नसायचे, विझलेली विडी असायची, आणि नजर समोरच्या भिंतीवर असायची. माझे वडील पोस्टात होते. आम्ही धुळ्याला राहत असताना दोन वेळा ते महिना-महिना रजेवर घरी बसले. बोलत नसत, झोपत नसत. शेजारपाजारच्यांना माय कावीळ झाली म्हणून सांगायची. आणि मी? चाळिशीत माझी पाळी आली, तेव्हा जळगावात कुणी पाहू नये म्हणून एसटीने दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे जात होतो. बरा झालो. पण बरा झालो हेही कुणाला सांगितले नाही.

हे सारे त्या रात्री मनात फिरत असताना एक माणूस सारखा डोळ्यांपुढे येत राहिला. तो आमच्या घरातला नव्हता, तरी घरातलाच होता. पांडुरंग सदाशिव साने. अवघ्या महाराष्ट्राचे साने गुरुजी, आणि आम्हा अमळनेरकरांचे नुसते गुरुजी.

वडिलांनी आम्हाला गुरुजींच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या, शेवटची मात्र कधीच सांगितली नाही. जून १९५० मध्ये ते चौदा वर्षांचे होते. बातमी आली त्या दिवशी आमच्या गल्लीत चुली पेटल्या नाहीत, एवढेच ते सांगत. गुरुजी कसे गेले, हे मला कॉलेजात गेल्यावर एका पुस्तकातून कळले. आज वाटते, आमच्या घराने स्वतःविषयी जे मौन पाळले तेच गुरुजींविषयीही पाळले. म्हणून त्यांचे आयुष्य पुन्हा एकदा पाहावेसे वाटले, या वेळी रात्रीच्या बाजूने.

पालगडहून अमळनेरला

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचा. घराणे खोताचे, पण वैभव ओसरत चाललेले. वडील सदाशिवराव कर्जाच्या आणि भाऊबंदकीच्या कचाट्यात सापडले. आई यशोदाबाईंनी अपमान गिळून संसार ओढला. मुलगा शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे असा वणवण फिरला. कधी माधुकरी मागितली, कधी उपाशी झोपला. १९१७ मध्ये आई गेली, आणि शेवटच्या घटकेला तो तिच्याजवळ नव्हता. ही टोचणी त्यांनी जन्मभर बाळगली. आई जाण्याचे दुःख कुणाला चुकले आहे? पण काही मने दुःखाला काळाबरोबर झिजू देतात आणि काही मने ते रोज नव्याने उगाळतात. असे का होते, हा प्रश्न इथे मनात ठेवावा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

जळगावहून सुरतेच्या गाडीत बसले की धरणगाव लागते. ते बालकवी ठोमऱ्यांचे जन्मगाव. १९०७ मध्ये जळगावला भरलेल्या कविसंमेलनात या सतरा वर्षांच्या पोराला बालकवी ही पदवी मिळाली. निर्झर आणि फुलराणी यांचा हा कवी पुढच्या काही वर्षांत आपल्या कवितेत उदासीनतेचे काळे पाणी आणू लागला, आणि १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, गेलाही. खानदेशच्या उन्हात अशा हळव्या मनांची सावली आधीपासूनच होती. धरणगाव मागे टाकून गाडी पुढे गेली की बोरी नदीकाठचे अमळनेर येते.

इथे प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारले होते. बी. ए. झालेला पांडुरंग साने तत्त्वज्ञानाच्या ओढीने तिथे आला, आणि १९२४ मध्ये गावच्या शाळेत, आजच्या प्रताप हायस्कुलात, शिक्षक झाला. ब्रह्म आणि माया यांच्या काथ्याकुटापेक्षा वसतिगृहातली पोरे त्याला जास्त जवळची वाटली. तो वसतिगृहाचा प्रमुख झाला आणि पोरांची आई झाला. खोल्या झाडणे, कपडे धुणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे ही कामे त्याने कुणाला सांगितली नाहीत, स्वतःच केली. पोरांच्या मनाला रोज काही खाऊ मिळावा म्हणून 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढले. मी स्वतः वसतिगृहावर तीन वर्षे काढली आहेत. दिवसभर वर्ग घेऊन, पोरांचे सारे आवरून, दुसऱ्या दिवशीचा मजकूर हाताने लिहून तयार ठेवायचा, म्हणजे रात्रीचा किती तुकडा त्यात जात असेल, हे मला न सांगता कळते.

धुळ्याचे रविवार, नाशिकच्या रात्री

मिठाच्या सत्याग्रहाने देश पेटला, तेव्हा १९३० मध्ये गुरुजींनी नोकरी सोडली आणि तुरुंगाची वाट धरली. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक अशा वेगवेगळ्या तुरुंगांत त्यांच्या आयुष्याची सहा वर्षांहून अधिक गेली. त्रिचनापल्लीत दक्षिणेकडच्या सत्याग्रह्यांच्या सहवासात त्यांना दुसऱ्या भाषांची गोडी लागली. पुढच्या आंतरभारतीच्या स्वप्नाचे बी तिथे पडले.

धुळ्याच्या तुरुंगातले १९३२ चे दिवस त्यांच्या आयुष्यातले बहुधा सर्वांत निवांत दिवस असावेत. विनोबा तिथेच होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून असे ओळीने अठरा रविवार विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले, आणि गुरुजींनी ते भराभर उतरून घेतले. आज घराघरांत असलेली 'गीता प्रवचने' गुरुजींच्या या लेखणीमुळे आपल्या हाती आली. गीतेच्या सहाव्या अध्यायात झोप आणि जागरण यांच्या मापाचा विचार येतो. फार झोपणाऱ्याला योग साधत नाही, तसा फार जागणाऱ्यालाही साधत नाही. ही गोष्ट गुरुजींनी स्वतःच्या हाताने उतरवून घेतली असणार. ती त्यांना पाळता आली नाही, असे मात्र पुढचे आयुष्य पाहून म्हणावे लागते.

कारण पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. गुरुवार ९ फेब्रुवारी १९३३ ला लेखणी हातात घेतली आणि सोमवारी १३ तारखेच्या पहाटे खाली ठेवली. पाच दिवस! पुस्तक १९३५ मध्ये बाहेर आले आणि मराठी माणसाच्या घरात देव्हाऱ्याशेजारी जाऊन बसले. १९५३ मध्ये आचार्य अत्र्यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. पण या पुस्तकाची एक गोष्ट आपण इतक्या वेळा पाहतो की ती दिसतच नाही. त्यातल्या प्रकरणांना प्रकरणे म्हटलेले नाही, रात्री म्हटले आहे. रात्र पहिली, रात्र दुसरी, अशा बेचाळीस रात्री. आश्रमातले सोबती जमतात, दिव्याच्या उजेडात श्याम आईच्या आठवणी सांगतो. आई गेलेल्या माणसाला ती रात्रीच भेटते, हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

आपल्याकडे जागरण आणि निद्रानाश यांत कधी फरक केला गेला नाही. देवीचे जागरण, एकादशीचे जागरण, पिकाला पाणी धरायचे म्हणून शेतात केलेले जागरण, ही सारी माणूस करतो. त्यात हेतू असतो, सोबत असते, आणि दुसऱ्या दिवशी झोप भरून निघते. निद्रानाश माणूस करीत नाही, तो त्याच्यावर येतो. त्यात सोबत नसते. माझ्या आजोबांचा निद्रानाश गल्लीने जागरण समजून पूजला. गुरुजींच्या बाबतीतही असे काही झाले नसेल का? त्यांचे राबणे, लिहिणे, उपास, अश्रू या सगळ्यांना आपण संतपणाच्या खात्यात टाकले. त्यांच्या लिखाणाला रडवे म्हणून नाक मुरडणारे विद्वान होते, आणि त्याच अश्रूंनी पावन होणारे वाचक होते. हा माणूस थकला आहे, त्याला बरे वाटत नाही, हा साधा तिसरा विचार दोघांनाही सुचला नाही.

आत आणि बाहेर

बाहेरचे गुरुजी थकलेले दिसतच नसत. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. त्यासाठी गुरुजी खानदेशची खेडी पायाखाली घालत फिरले. १९३८ मध्ये अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक काढले. शेतसारा माफ व्हावा म्हणून शेतकऱ्यांबरोबर उभे राहिले, मिलमधल्या मजुरांबरोबर उभे राहिले. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत झाले, पुन्हा तुरुंगात गेले.

१९४६ च्या अखेरीस त्यांनी ठरवले की पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना उघडले पाहिजे. महाराष्ट्रभर दौरा काढून लोकमत जागे केले आणि १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषण मांडले. दहा तारखेला देऊळ उघडण्याचे ठरले आणि उपोषण सुटले. त्यानंतर तीन महिन्यांनी स्वातंत्र्य आले, फाळणीच्या रक्तातून आले. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला. महाराष्ट्रात त्याचे उमटलेले पडसाद पाहून गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला 'साधना' साप्ताहिक सुरू केले. १९४९ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांची मने वाचावीत, एवढे साधे ते मागणे होते.

इतके काम करणाऱ्या माणसाला नैराश्य कसे असेल, असे आपण म्हणतो. पण त्यांच्याजवळ राहिलेल्या माणसांनी त्यांच्या उदासीचे झटके पाहिले होते. घडाघडा बोलणारा माणूस दिवसच्या दिवस गप्प होई, एकटा बसे. स्वतःचे घर नाही, संसार नाही, जिवाभावाची माणसे पुष्कळ पण रात्री दाराआड एकटेपणच. या शेवटच्या काळातच त्यांनी पुतणी सुधाला पत्रे लिहिली. पुढे ती 'सुंदर पत्रे' म्हणून निघाली. फुले, पाखरे, तारे, समुद्र, नाना विषयांनी भरलेली. त्या पत्रांत एक काका आपल्या पोरीला जग किती सुंदर आहे ते सांगतो आहे, आणि त्याच दिवसांत त्याच काकाला ते जग असह्य होत चालले आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी खऱ्या असू शकतात. हे ज्याने अनुभवले नाही त्याला पटवणे कठीण आहे, आणि ज्याने अनुभवले त्याला सांगायची गरज नाही.

११ जून १९५० रोजी मुंबईत गुरुजींनी आपले जीवन संपवले. वय पन्नास. कसे, ते मी इथे लिहीत नाही. त्याने कुणाचे भले होत नाही. देशाची दशा पाहून त्यांनी प्राण अर्पण केले, असे पुष्कळांनी म्हटले. मलाही तरुणपणी ते उदात्त वाटायचे. आता वाटत नाही. देशाची दशा पाहून व्यथित झालेली माणसे तेव्हा हजारो होती, ती जगली. एखाद्या माणसाच्या अशा जाण्याला एकच कारण कधी नसते. बाहेरचे दुःख असते, तसे आत ते दुःख झेलणारे शरीरही असते. त्या शरीराविषयी आपण बोलत नाही.

टिश्यूकल्चरची केळी

मी विज्ञानाचा शिक्षक होतो, म्हणून या शरीराविषयी जे वाचले ते आपल्या भागातल्या भाषेत सांगतो.

जळगावच्या कुठल्याही शेतकऱ्याला टिश्यूकल्चरची केळी माहीत आहेत. एकाच मातृझाडाच्या पेशींपासून हजारो रोपे तयार करतात. वंशाने ती जवळजवळ जुळी भावंडेच. पण एक रोप विहिरीजवळच्या काळ्या जमिनीत लावले आणि दुसरे बांधावरच्या मुरमाड जागेत, तर दोघांचे घड सारखे येत नाहीत. उलट, एकाच जमिनीत दोन वेगळ्या वाणांची झाडे लावली, तर एकच वारा एकाला आडवे करतो आणि दुसरे उभे राहते. माणसाचेही असेच. शास्त्रज्ञांनी एकरूप जुळे आणि साधे जुळे यांची तुलना करून हे मोजले. जुळ्यांवरच्या अभ्यासांचा २००० साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात असे दिसले की नैराश्याचा धोका माणसामाणसांत कमी-जास्त का असतो, याचा सुमारे ३७ टक्के वाटा आनुवंशिकतेकडे जातो. निद्रानाशाच्या बाबतीतही हा वाटा साधारण तीस ते चाळीस टक्क्यांच्या घरात येतो. याचा अर्थ एका माणसाच्या दुःखातले ३७ टक्के दुःख बापाकडून आले, असा मुळीच नाही. हा आकडा पुष्कळ माणसांमधल्या फरकाचा आहे. आणि उरलेला मोठा वाटा जमिनीचा, पाण्याचा, वाऱ्याचा आहे, हेही तोच आकडा सांगतो.

पूर्वी वाटायचे की एखादे उदासीचे जनुक सापडेल. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाशी निगडित अशा एका जनुकाचा २००३ नंतर फार गाजावाजा झाला. २०१९ मध्ये लाखो लोकांची माहिती तपासली, तेव्हा तो दावा टिकला नाही. त्याच वर्षी तेरा लाखांहून अधिक लोकांची जनुके पाहून निद्रानाशाशी जोडलेल्या २०२ जागा सापडल्या. २०२५ मध्ये २९ देशांतल्या माणसांच्या प्रचंड अभ्यासात नैराश्याशी जोडलेले जवळजवळ ७०० फरक नोंदले गेले. प्रत्येकाचा प्रभाव चिमूटभर. ज्वारीच्या पोत्यातला एक दाणा काढला तर पोते हलके होत नाही, तसे.

पण या साऱ्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. निद्रानाशाची जनुके आणि नैराश्याची जनुके यांत पुष्कळ सामाईक आहेत. झोप उडणे हे मन खचल्याचे नुसते लक्षण नाही. दोन्हींची मुळे काही अंशी एकाच मातीत गुंतलेली आहेत. ज्यांना नैराश्य नाही पण झोप लागत नाही, त्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो, असेही अभ्यासांत दिसले आहे. निरोगी माणसाला झोप लागल्यावर साधारण दीड तासाने स्वप्नांची झोप येते. नैराश्य असलेल्या पुष्कळांना ती बरीच लवकर येते. जर्मनीतल्या म्युनिक इथे अशा रुग्णांच्या धडधाकट नातेवाइकांची झोप तपासली, तेव्हा त्यांच्यातल्या काहींच्या झोपेतही तशाच खुणा आढळल्या. आजार आलेला नाही, पण खूण आहे. माझ्या आजोबांचा ओटा मला त्या वाक्यापाशी आठवला.

गुरुजींची जनुके कुणी तपासली नाहीत, आणि गेलेल्या माणसावर रोगाचे नाव चिकटवण्याचा अधिकार मला नाही. मी एवढेच म्हणतो की हळवेपणा हा चारित्र्याचा दोष नव्हता, तसा तो दैवी प्रसादही नव्हता. तो काही अंशी वाण असेल. त्या वाणावर आईचा मृत्यू, तुरुंग, उपास, अपुरी झोप, फाळणी, गांधीजींचा खून आणि एकटेपण हे सगळे वारे एकामागून एक आले. केळीचा घड जड झाला की शेतकरी झाडाला टेकू देतो. टेकू दिला म्हणून झाडाला कुणी दुबळे म्हणत नाही, आणि झाड कोसळले तर ते त्यागाने कोसळले असेही म्हणत नाही. टेकू वेळेवर दिला नाही, असे म्हणतात.

१९५० मध्ये टेकू फारसे नव्हतेच. नैराश्यावरची आजची औषधे तेव्हा निघालेली नव्हती. आज ती आहेत. निद्रानाशावर गोळ्यांशिवायचे उपचारही आहेत. रोज ठरलेल्या वेळी उठणे, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न पडता उठून बसणे, अंथरूण फक्त झोपेसाठी ठेवणे, झोपेच्या भीतीला समजून घेणे, असे ते जाणकारांच्या देखरेखीखाली शिकवतात, आणि त्याने गुण येतो. गोळ्या मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नयेत. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस दूरध्वनी २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे, मराठीतही बोलता येते. कुणाच्या मनात जगणे नकोसे झाल्याचा विचार आला, तर त्याने तो नंबर फिरवावा. आणि घरातल्यांनी त्याला एकटे ठेवू नये, उपदेश करू नये, ऐकावे.

उशिराचे पत्र

लेकीशी खोटे बोललो त्यानंतरच्या रविवारी मी अमळनेरला गेलो. २०२४ च्या फेब्रुवारीत इथे ९७ वे मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा संमेलनाच्या नगरीला गुरुजींचेच नाव दिले होते. लोक लोटले होते. आता सारे शांत होते. आमच्या जुन्या गल्लीत गेलो. घर दुसऱ्याचे झाले आहे, पण ओटा तसाच आहे. त्यावर क्षणभर बसलो. आजोबा इथून काय पाहत असतील? समोर एक भिंत, तिच्यावर कसलीशी जाहिरात. बस्स.

आपण का लपवतो, याचा विचार तिथे बसून केला. स्थळे येणार नाहीत म्हणून लपवतो. मधुमेह असला तर सोयरिकीत सांगतो, रक्तदाब सांगतो, मनाचे सांगत नाही. माय म्हणाली कावीळ, मी म्हणालो पित्त. आणि मौन हेही आनुवंशिकच की! ते जनुकांतून येत नाही, बापाच्या मिटलेल्या तोंडातून मुलाकडे येते. वाण बदलणे माझ्या हातात नव्हते. हे मात्र होते.

घरी येऊन मी लेकीला पत्र लिहिले. फोनवर बोलायचा धीर नव्हता. गुरुजींनी सुधाला लिहिले तसे सुंदर मला लिहिता येत नाही. मी सरळ लिहिले. पणजोबांचा ओटा, आजोबांची कावीळ, माझे पित्त. कुणाला कितव्या वर्षी सुरू झाले, किती दिवस टिकले, कोणत्या औषधाने मला बरे वाटले. आणि हेही लिहिले की पणजोबा ऐंशी वर्षे जगले, आजोबांनी तीस वर्षे पत्रे वाटली, मी छत्तीस वर्षे शिकवले. या घरात झोप उडते, पण घर उभे आहे.

आठवड्याने तिचा फोन आला. पत्र तिने डॉक्टरांना दाखवले होते. त्याचा त्यांना उपयोग झाला, माझ्यावर जे औषध चालले त्याचीही त्यांनी नोंद घेतली. ती रागावली असेल असे मला वाटत होते. रागावली नाही. तिला उलट हलके वाटले. हे आपल्या एकटीचेच काहीतरी बिघडले आहे, असे ती इतके दिवस समजत होती.

मग तिने मला विचारले, की बाबा, तुम्हाला आता झोप लागते का.

या वेळी मी खरे सांगितले.